मुलाची बँक, बापाची पत : इंडोनेशियातील आस्त्राचे प्रकरण

२००० साली भारतात आलेली टोयोटा क्वालिस महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिली आहे. शिर्डीला, अष्टविनायकाला किंवा गणपतीत कोकणात जाताना भाड्याने घेतलेल्या गाडीत तिघांच्या जागी चौघे दाटीवाटीने बसायचे, ती हीच गाडी. तिच्या जागी पुढे इनोव्हा आली. या दोन्ही गाड्यांचे मूळ घर इंडोनेशिया. तिथे त्यांचे नाव किजांग. किजांग म्हणजे आपल्या सह्याद्रीत भुंकल्यासारखे ओरडते ते भेकर. १९७७ साली जकार्तात पहिली किजांग बाजारात आली तेव्हा तिचा पत्रा सपाट आणि कोपरे धारदार होते. बॉनेट मगरीच्या जबड्यासारखे उघडायचे, म्हणून लोक तिला मगर-किजांग म्हणत. टोयोटाच्या जोडीने ही गाडी बांधणारी आणि गावोगावी विकणारी कंपनी म्हणजे आस्त्रा.

हे आस्त्राचेच प्रकरण आहे. पण गाडी, कारखाना किंवा बाजार यांपैकी कशातही बिघाड नव्हता. १९९२ च्या डिसेंबरात इंडोनेशियातील ही सर्वांत नावाजलेली उद्योगसमूह-कंपनी उत्तम चाललेली असताना तिच्या संस्थापकाच्या हातून गेली. आस्त्राच्या मालकीची नसलेली एक बँक बुडाली होती, आणि ती संस्थापकाच्या थोरल्या मुलाची होती.

मराठीत ‘पत’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. माणसाची पत आणि बाजारातली पत आपण वेगळी बोलून दाखवत नाही. या प्रकरणात ज्या जागी गाठ बसली आणि ज्या जागी सुटली, तिथे मला हाच शब्द सापडतो.

आस्त्राचे संस्थापक विल्यम सुर्याजाया यांचा जन्म १९२२ चा, पश्चिम जावातील माजालेंग्का गावचा. मूळ चिनी नाव त्जिया किआन लिओंग. १९६६-६७ च्या सुमारास इंडोनेशियातील चिनी वंशाच्या कुटुंबांनी स्थानिक वळणाची नावे घेतली, तेव्हा ते सुर्याजाया झाले. सूर्य आणि जय हे दोन्ही शब्द आपल्याला अर्थ सांगावे लागू नयेत इतके ओळखीचे आहेत. लहान वयातच आई-वडील गेले, शाळा अर्धवट राहिली. कागद, सूत, तेल, तांदूळ असा मिळेल तो व्यापार केला. मग हॉलंडला जाऊन कातडे कमावण्याचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर टॅनरी काढली. पुढच्या एका धंद्यात भागीदाराने फसवले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. १९५७ साली भावाला व एका मित्राला घेऊन आस्त्रा सुरू झाली ती शीतपेये आणि शेतमालाच्या व्यापारात. मराठी वाचक हे नाव अस्त्र असे वाचेल, पण ते लॅटिनमधल्या ‘तारे’ या शब्दावरून घेतले आहे.

नशिबाने हात दिला तो साठच्या दशकाच्या अखेरीस. सुहार्तो राष्ट्राध्यक्ष म्हणून सत्तेवर आले, रस्ते-पूल उभारायला पैसा येऊ लागला, आणि नेमक्या त्याच वेळी आस्त्राकडे आयात केलेले आठशे शेव्हर्ले ट्रक होते. ते हातोहात गेले. १९६९ मध्ये टोयोटाची वितरक म्हणून नेमणूक झाली. मग १९७१ मध्ये होंडाच्या मोटारसायकली, १९७२ मध्ये कोमात्सुची अवजड यंत्रे विकणारी युनायटेड ट्रॅक्टर्स आणि त्यानंतर दायहात्सु. १९७४ च्या जानेवारीत जपानी पंतप्रधान तानाका जकार्तात आले असताना दंगल उसळली आणि जमावाने आस्त्राची टोयोटा शोरूम जाळली. जपानी माल आणि चिनी वंशाचा व्यापारी, दोघांवरही राग होता. स्थानिक बांधणीची, स्वस्त, मोठ्या कुटुंबाला पुरेल अशी किजांग त्यानंतर तीन वर्षांनी आली. या दोन गोष्टी मी शेजारीशेजारी ठेवतो, कारण आपण या देशाच्या उपयोगाचे आहोत हे सिद्ध करत राहण्याची गरज सुर्याजायांना आयुष्यभर वाटत राहिली. आस्त्राने पुढे आपली चार तत्त्वे ठरवली त्यांना नाव दिले ‘चातुर धर्मा’, म्हणजे चतुर्धर्म. त्यातले पहिले तत्त्व असे, की कंपनी ही राष्ट्राची ठेव ठरावी.

त्यांना सगळे ‘ओम विलेम’ म्हणत. ओम हा डच भाषेतून आलेला शब्द, म्हणजे काका. आपल्याकडच्या जुन्या पेढ्यांवर मालकाला दादा किंवा अण्णा म्हणतात तसाच हा प्रकार. कंपनी गर्द सावलीच्या झाडासारखी असावी, खाली येईल त्याला आसरा मिळावा, असे ते मानत. पण झाडाची निगा त्यांनी शिकलेल्या माणसांकडे दिली होती, आणि पुढचे सगळे समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुतण्या टेडी रहमत बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेतला इंजिनिअर. घरचा असला तरी युनायटेड ट्रॅक्टर्स वाढवून दाखवल्यावरच तो १९८४ मध्ये आस्त्राच्या कार्यकारी प्रमुखपदी आला. १९८९ मध्ये परदेशी बँकेत घडलेल्या रिनी सुमार्नो वित्त विभागात आल्या. हिशेब तपासले जात, जपानी भागीदार प्रश्न विचारत आणि उत्तरे द्यावी लागत. १९९० च्या एप्रिलमध्ये आस्त्राचे शेअर जकार्ताच्या बाजारात आले, तीन कोटी शेअर, प्रत्येकी १४,८५० रुपिया (इंडोनेशियाचे चलन). त्यानंतरही सुमारे ७६ टक्के हिस्सा कुटुंबाकडेच राहिला.

आता बँकेकडे वळू. प्रकरणाचा गाभा इथे आहे.

ऑक्टोबर १९८८ मध्ये इंडोनेशियाने बँकिंगची दारे सताड उघडली. १० अब्ज रुपिया भांडवल दाखवले की नवी खासगी बँक काढता येऊ लागली. बँकांनी मध्यवर्ती बँकेकडे ठेवायच्या राखीव निधीचे प्रमाण १५ टक्क्यांवरून एकदम २ टक्क्यांवर आले. ज्याच्या हाती उद्योगसमूह होता, त्याला स्वतःची बँक असावीशी वाटू लागली. लोकांच्या ठेवी आपल्याच खिडकीवर गोळा कराव्यात आणि आपल्याच प्रकल्पांना द्याव्यात, हे गणित मोहात पाडणारे होते. १९८८ मध्ये शंभराच्या थोड्या वर असलेल्या बँका सहा वर्षांत दोनशे चाळीसच्या घरात गेल्या. देखरेख करणारे अधिकारी मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत.

थोरला मुलगा एडवर्ड जर्मनीत शिकून आलेला. वडिलांच्या कंपनीत खुर्ची घेण्याऐवजी त्याने सुम्मा हा आपला स्वतंत्र समूह उभा केला, आणि बँक सुम्मा ही त्याची तिजोरी झाली. बँक झपाट्याने वाढली. १९९० मध्ये तिने नहदलातुल उलमा या इंडोनेशियातील सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेशी हातमिळवणी करून ग्रामीण बँका काढण्याचा करार केला. संघटनेचे प्रमुख तेव्हा अब्दुर्रहमान वाहिद, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले. चिनी वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबातली बँक आणि खेड्यापाड्यातल्या मदरशांची संघटना एकत्र येणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. तो विचार माझ्या मते चांगलाच होता, आणि बँक बुडाली म्हणून त्याला नावे ठेवू नयेत.

बुडवले ते जमिनींनी. बँकेचा पैसा मोठ्या प्रमाणावर मालमत्ता आणि बांधकामात गेला, तोही समूहाच्याच कंपन्यांमध्ये. ठेवीदाराला तीन महिन्यांनी पैसे परत द्यायचे आणि जमिनीतून ते पाच-सात वर्षांनी निघायचे, यातला धोका पतपेढीच्या कारकुनालाही कळतो. पण भाव चढते असताना तो कोणी मोजत नाही. मग अर्थमंत्री सुमार्लिन यांनी पैशाच्या नाड्या आवळल्या. १९९१ च्या फेब्रुवारीत सरकारी कंपन्यांच्या ठेवी बँकांतून काढून मध्यवर्ती बँकेच्या रोख्यांत वळवायला लावल्या. ठेवींचे व्याजदर २० टक्क्यांच्या वर गेले. शेअर बाजाराचा निर्देशांक १९९० च्या एप्रिलमध्ये ६८० च्या आसपास होता, तो १९९१ संपताना अडीचशेच्याही खाली होता. जमिनी विकायला काढल्या तर गिऱ्हाईक नाही, आणि ठेवी टिकवायच्या तर व्याज वाढवत न्यायचे, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. सुम्माची थकीत कर्जे एक ट्रिलियन रुपियाच्या पलीकडे, म्हणजे लाख कोटींच्या वर गेली.

या टप्प्यावर बापाने मुलाच्या मागे उभे राहायचे ठरवले. आस्त्राचा पैसा घातला नाही. कंपनी सूचीबद्ध होती, तसा तो घालताही येत नव्हता. त्यांनी स्वतःची वैयक्तिक हमी दिली आणि पुढे कुटुंबाकडचे आस्त्राचे शेअर तारण ठेवले.

मर्यादित दायित्वाची कंपनी ही कल्पना जगाने कशासाठी काढली? एक धंदा बुडाला तर माणसाचे घरदार आणि दुसरा धंदा वाचावा म्हणून. कायद्याने बँक सुम्मा आणि आस्त्रा यांच्यात भिंत होती. दोन्हींच्या ताळेबंदात एकमेकींशी बांधणारे फारसे काही नव्हते. त्या भिंतीला दार पाडले ते विल्यम यांच्या सहीने. सही करताना बँकेच्या पोटात काय आहे हे त्यांना पुरते माहीत होते, असे नंतरच्या घटनांवरून वाटत नाही. खड्डा किती खोल आहे ते कळण्याआधी तो भरण्याचा शब्द त्यांनी दिला होता.

इथे मला त्यांच्याविषयी कळवळा वाटतो. आपल्याकडेही वडीलधारी माणसे पुतण्याच्या, जावयाच्या कर्जाला जामीन राहतात ती रक्कम पाहून नव्हे. नाही म्हटले तर नाते उघड्यावर पडेल म्हणून सही होते. त्यात आडनाव एकच असले की बाजारही भेद करत नाही. ठेवीदारांनी बँक सुम्मामध्ये पैसे ठेवले ते एडवर्डचा ताळेबंद वाचून नव्हे, सुर्याजाया हे नाव पाहून. मग ते नाव ज्यांचे, त्यांना ठेवीदाराला हात वर करून दाखवणे जमले नाही.

१९९२ चा नोव्हेंबर उजाडला तोवर मार्ग संपले होते. बँक सुम्माला चेक वटवण्याच्या व्यवस्थेतून बाहेर काढण्यात आले. शाखांसमोर रांगा लागल्या. १४ डिसेंबर १९९२ रोजी सरकारने बँकेचा परवाना रद्द केला. सुहार्तोंच्या राजवटीत अशा रीतीने बँक बंद करण्याची ती पहिली वेळ. त्याआधी अडचणीतली बँक गुपचूप कुणाच्या तरी गळ्यात बांधली जायची. सुम्माच्या बाबतीत तसे का झाले नाही, यावर जकार्तात बरीच वर्षे चर्चा होत राहिली. सालिम समूहाचे प्रमुख लिम सिओ लिओंग यांच्यासारखी राष्ट्राध्यक्षांच्या घरात ऊठबस सुर्याजायांची नव्हती, एवढे खरे.

विल्यम यांनी आस्त्राचे शेअर विकायला काढले. समोरच्याला पैशाची तातडी आहे हे ज्या बाजारात सगळ्यांना ठाऊक असते, तिथे भाव कोण ठरवतो हे सांगायला नको. लाकूड-व्यवसायातले प्राजोगो पांगेस्तु, सालिम, सिगारेटवाले साम्पुर्ना अशा धनाढ्यांकडे ते हिस्से गेले. पस्तीस वर्षे उभारलेली कंपनी काही आठवड्यांत घराबाहेर पडली. त्यावेळी ते सत्तरीचे होते.

हा निर्णय चूक की बरोबर? व्यवस्थापनाच्या वर्गात हे प्रकरण मांडले तर बरेच जण म्हणतील, वाटाघाटी करायला हव्या होत्या, मुदत मागायला हवी होती, न्यायालयात जायला हवे होते. मला तसे वाटत नाही. डिसेंबर १९९२ मधला निर्णय बरोबर होता. हमी दिलेली होती आणि समोर ठेवीदार उभे होते. चूक झाली ती त्याआधी, हमी देण्याच्या दिवशी. त्या दिवशी त्यांनी तिऱ्हाईत हिशेबनिसाला बँकेत पाठवून महिनाभर वह्या तपासून घ्यायला हव्या होत्या, आणि मग ठरावीक रकमेपर्यंतच शब्द द्यायला हवा होता. आस्त्रात टोयोटाचा एक सुटा भाग तपासल्याशिवाय घेत नसत. मुलाच्या बँकेची वही मात्र तपासली गेली नाही. धंद्यात लावलेली शिस्त घरात लावणे त्यांना अवघड गेले, आणि ते कोणालाही अवघडच जाते.

हा शब्द पाळण्याचे वजन कळायचे असेल तर सहा वर्षे पुढे जावे लागते. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात डॉलरला साधारण २,४०० असलेला रुपिया एका टप्प्यावर १६,००० पर्यंत घसरला. बँकांवर झुंबड उडाली. त्या वाचवायला मध्यवर्ती बँकेने ४८ बँकांना १४४.५ ट्रिलियन रुपिया दिले. त्यातल्या कितीतरी बँका उद्योगसमूहांच्या घरच्याच होत्या आणि त्यांनी ठेवीदारांचा पैसा आपल्याच कंपन्यांना वाटला होता. दिलेल्या पैशातला फार मोठा भाग सरकारला परत मिळालाच नाही. सालिम समूहाकडून ५२ ट्रिलियनहून जास्त येणे निघाले. त्यापोटी त्यांनी शंभरावर कंपन्या सरकारच्या हवाली केल्या, पण त्या विकून निम्मेही वसूल झाले नाही. तो खड्डा इंडोनेशियाच्या करदात्याने भरला, आणि आजही भरतो आहे. सुम्माचा जेवढा खड्डा भरला गेला, त्यातला मोठा वाटा एका माणसाने आपले आयुष्यभराचे काम विकून उचलला.

सरकारच्या वागण्याचा विचार मात्र करावा लागतो. १९८८ मध्ये दारे उघडली, पण समूहाच्या बँकेने समूहालाच किती कर्ज द्यावे यावर खरा पहारा बसवला नाही. सुम्मा बुडाल्यावर तरी तो बसायला हवा होता. १९९२ मध्ये एका बँकेने जे दाखवून दिले, तेच १९९८ मध्ये डझनावारी बँकांनी केले. मधली सहा वर्षे वाया गेली. याची जबाबदारी मी कोणत्याही कुटुंबाआधी नियामकावर टाकेन.

आता आस्त्राचे पुढे काय झाले? मालक गेले, पण टेडी रहमत आणि त्यांचे सहकारी जागेवर राहिले. कारखाने चालू राहिले. १९९६ मध्ये सुहार्तोंचे धाकटे चिरंजीव टॉमी यांच्या कंपनीला ‘राष्ट्रीय मोटार’ म्हणून टिमोर गाडीचा परवाना मिळाला. गाडी कोरियाच्या किआची, वर करमाफी आणि आयात शुल्कमाफी. जपानने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. त्या काळात आस्त्रासाठी राजाश्रयाची गाडी शेजारच्या रांगेत उभी होती. मग सुहार्तोंचे जवळचे मित्र बॉब हसन आस्त्राच्या संचालक मंडळावर आले. १९९८ मध्ये सुहार्तोच गेले. परदेशी कर्जाचा बोजा डॉलरमध्ये आणि उत्पन्न रुपियात, म्हणून कर्जाची पुनर्रचना करावी लागली. ते काम रिनी सुमार्नो यांच्या काळात झाले.

आणि याच काळात जुनी गोष्ट पुन्हा घडली. ज्या धनाढ्यांनी १९९३ च्या आसपास सुर्याजायांकडून आस्त्राचे शेअर घेतले, त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या बँका १९९८ मध्ये सरकारकडे गेल्या. देणे फेडण्यासाठी त्यांनी जे दिले त्यात आस्त्राचे शेअरही होते. सहा-सात वर्षांत तेच कागद दुसऱ्यांदा एका बँकेपायी हातचे गेले. बँक पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेने २००० साली सुमारे ४० टक्के हिस्सा सिंगापूरच्या सायकल अँड कॅरेजच्या नेतृत्वाखालील गटाला सुमारे ५० कोटी डॉलरला विकला. आज जार्डिन सायकल अँड कॅरेजकडे ५०.१ टक्के आहेत. आस्त्रा इंडोनेशियातील सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे आणि चतुर्धर्म आजही तिचे अधिकृत तत्त्व आहे.

म्हणून या प्रकरणाला मी उद्योगसमूह कोसळल्याचे प्रकरण म्हणत नाही. समूह कोसळला नाही, तो मालकापासून सुटा झाला. तो सुटा होऊन उभा राहू शकला, कारण ओम विलेम यांनी तो आधीच स्वतःपेक्षा मोठा होऊ दिला होता. वित्त, वितरण, सुटे भाग आणि जपानी भागीदारी यांतला एकही दोर फक्त त्यांच्या हातात नव्हता. ज्या घराण्यांनी सगळे दोर स्वतःच्या मुठीत ठेवले, त्यांच्या कंपन्या मालकाबरोबर गेल्या.

विल्यम सुर्याजाया २ एप्रिल २०१० रोजी जकार्तात वारले, सत्याऐंशीव्या वर्षी. टेडी रहमत यांनी पुढे आपला त्रिपुत्र समूह उभा केला. धाकटा मुलगा एडविन १९९३ पर्यंत आस्त्रात होता. १९९८ मध्ये, संकटाच्या ऐन भरात, त्याने साराटोगा ही गुंतवणूक कंपनी काढली आणि २००५ मध्ये आदारो ही कोळसा कंपनी घेणाऱ्या गटात तो होता. साराटोगाच्या कंपन्यांमध्ये मित्रा पिनास्थिका मुस्तिका हीही एक होती. पूर्व जावात सुराबायाच्या आसपास होंडाच्या मोटारसायकली विकण्याचा ठेका तिच्याकडे. त्या मोटारसायकली बनवते आस्त्रा होंडा मोटर, विल्यम यांनी १९७१ मध्ये होंडाबरोबर सुरू केलेल्या कामातून उभी राहिलेली कंपनी. वडिलांनी उभारलेल्या कारखान्याचा माल मुलाची कंपनी वितरक म्हणून रोख मोजून विकत घेत होती आणि पुढे विकत होती.